‘हिरो’ हा शब्द आला कुठून, आणि त्याच्याबरोबर कोणतं देणं आलं होतं?

कुठे आग लागली, कुठे पूर आला, कुठे कोणी शेवटच्या षटकात सामना फिरवला, की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात एक शब्द हमखास असतो: हिरो. पडद्यावरच्या नटालाही तोच शब्द लागतो. ‘उगाच हिरोगिरी करू नकोस’ असं पोराला बजावतानाही तोच तोंडी येतो. 2020 साली साथीच्या काळात अनेक देशांतल्या लोकांनी खिडक्यांत आणि गच्च्यांत उभं राहून डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवल्या, त्यांना हिरो म्हटलं. त्यावर अनेक नर्सेसनीच जाहीर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं: हिरो म्हणू नका, मास्क द्या, हाताखाली माणसं द्या, पगार नीट द्या.

कौतुकाच्या शब्दाचा कोणाला त्रास का व्हावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतो आहे. शब्दाचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं की त्या नर्सेस नकळत शब्दाच्या अगदी जुन्या अर्थापाशी जाऊन पोचल्या होत्या.

हिरो व्हायचं तर आधी मरावं लागे

मूळ शब्द ग्रीक आहे: हेरोस. प्राचीन ग्रीकांच्या कल्पनेत वर अमर देव होते, खाली तुमच्याआमच्यासारखी मर्त्य माणसं होती आणि या दोघांच्या मधे हेरोस होते. हेरोस म्हणजे असा मेलेला माणूस, ज्याची ताकद मेल्यावरही संपलेली नाही. देव सगळीकडचे असत, हेरोस मात्र एका जागेला बांधलेला. त्याचं थडगं जिथे, तिथेच त्याचा अंमल.

म्हणून हेरोसची हाडं कुठे आहेत, हा ग्रीक शहरांसाठी राजकारणाचा प्रश्न होता. स्पार्टाला टेगिया या शेजारच्या शहराशी लढाईत यश येईना, तेव्हा डेल्फीच्या मंदिरातून कौल मिळाला की पुराणकथांतला राजपुत्र ऑरेस्टीझ याची हाडं आणा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, टेगियाच्या एका लोहाराला अंगणात विहीर खणताना सात हात लांबीची शवपेटी लागली होती. स्पार्टाच्या माणसाने ती हाडं युक्तीने मिळवून घरी नेली आणि त्यानंतर युद्धाचं पारडं फिरलं, असं तो लिहितो. अथेन्सच्या किमॉन नावाच्या सेनापतीनेही इ.स.पू. 475 च्या सुमारास स्कायरॉस बेटावरून अथेन्सचा पुराणकथांतला राजा थीसियस याची हाडं वाजतगाजत आणली. आज एखादं शहर तटबंदी उभारतं किंवा पहारा वाढवतं, तसं तेव्हा हेरोस आणत.

पण हेरोस फुकट राखण करत नसे, त्याला जेवू घालावं लागे. इ.स. 2 ऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस याने फोकिस प्रांतात एका हेरोसचं थडगं पाहिलं. त्या थडग्याला भोक ठेवलेलं होतं. लोक बळी देत, त्याचं रक्त भोकातून आत ओतत आणि मांस तिथेच बसून संपवत. हे रोज चाले. जेवताना पानाखाली पडलेलं उचलून खाऊ नये, ते हेरोसांचं असतं, असाही एक जुना समज होता. नाटककार ॲरिस्टोफेनिसच्या नावावर तो नोंदलेला आहे. अथेन्समध्ये एक ‘वैद्य हेरोस’ होता, नुसता वैद्य, त्याला नावही नाही. बरे झालेले लोक त्याला चांदीचे अवयव वाहत. इ.स.पू. 3 ऱ्या शतकातला एक शिलालेख सांगतो की ते साठलेले अवयव वितळवून त्याच्याच नावाने चांदीची सुरई करायचं ठरलं, आणि कोणी काय वाहिलं होतं त्याची यादी दगडावर कोरून ठेवली.

ही यादी मला फार महत्त्वाची वाटते. हेरोस आणि गाव यांच्यात एक खातं होतं. खात्याला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, तशा त्या नात्याला होत्या. तो राखण करणार, रोग बरे करणार, लढाईत पाठीशी उभा राहणार. आणि तुम्ही नेमाने त्याचं देणं देणार. देणं चुकलं तर तो कोपणार. थोडक्यात, हेरोस हा एखाद्याचा गुण नव्हता. ते एक नातं होतं.

पण तो निदान चांगला माणूस असेल ना?

नाही. इथे आपली आजची समजूत सपशेल कोसळते.

अस्टिपालिया बेटावर क्लिओमिडीझ नावाचा मुष्टियोद्धा होता. इ.स.पू. 492 च्या ऑलिंपिक स्पर्धेत त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला. पंचांनी त्याचा विजय काढून घेतला. दुःखाने त्याचं डोकं फिरलं. घरी परतल्यावर तो गावच्या शाळेत शिरला. आत साठेक मुलं होती. छत ज्या खांबावर होतं तो खांब त्याने उखडला आणि छत मुलांवर कोसळलं. गाव दगड घेऊन मागे लागलं, तेव्हा तो अथेना देवीच्या मंदिरात शिरला, तिथल्या एका मोठ्या पेटीत बसला आणि आतून झाकण ओढून धरलं. लोकांनी जंग जंग पछाडलं, झाकण उघडेना. शेवटी फळ्या फोडल्या. आत ना जिवंत माणूस, ना प्रेत.

गावाने डेल्फीला माणसं पाठवली. कौल आला: क्लिओमिडीझ हा शेवटचा हेरोस आहे, तो आता मर्त्य राहिलेला नाही, त्याला बळी देऊन त्याचा मान राखा. पॉसेनियस म्हणतो की तेव्हापासून अस्टिपालियाचे लोक त्याला हेरोस म्हणून मान देत आले.

मुलांचा जीव घेणारा माणूस आणि त्याला हेरोसचा मान, हे वाचून पोटात कालवतं. पण ग्रीकांचं गणित वेगळं होतं. ज्याच्या ताकदीने मृत्यूची हद्द ओलांडली त्याला शांत ठेवणं भाग आहे, इतकंच त्यांना म्हणायचं होतं. तो अनुकरणीय आहे असं कोणीच म्हणत नव्हतं. वीजवाहिनीच्या खांबावर धोक्याचं चिन्ह लावतात, ते विजेच्या कौतुकासाठी नव्हे. हेरोस या शब्दात त्या चिन्हाचा मोठा अंश होता.

शब्दाची व्युत्पत्ती काय?

व्युत्पत्ती म्हणजे शब्द कोणत्या मुळापासून आला त्याचा शोध. हेरोसच्या बाबतीत हा शोध अडीच हजार वर्षं चालू आहे. प्लेटोने एका संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी दोन तर्क घातले आहेत: हेरोस हा शब्द ‘एरॉस’ म्हणजे प्रेम यावरून आला, कारण हे लोक देव आणि माणूस यांच्या प्रेमातून जन्मले, किंवा तो बोलणं आणि प्रश्न विचारणं या अर्थाच्या क्रियापदांवरून आला. नुसत्या उच्चारसाम्यावर बांधलेले हे तर्क आज कोणी ग्राह्य धरत नाही.

अलीकडच्या काळात एक उत्तर फार लोकप्रिय झालं: हेरोस म्हणजे ‘राखणारा’. लॅटिनमध्ये जपणे, राखणे या अर्थाचा ‘सर्वारे’ असा शब्द आहे, त्याच्याशी हे नातं जोडलं गेलं. अर्थ इतका चपखल बसतो की ते खरं असावं असं वाटतं. हे उत्तर आजही पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसतं. पण 1952 साली मायकेल व्हेंट्रिस याने मातीच्या पाट्यांवरची एक जुनी लिपी उलगडली आणि या उत्तराला धक्का बसला. त्या लिपीतली भाषा ग्रीकच निघाली, ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ या महाकाव्यांचा कवी होमर याच्याही कित्येक शतकं आधीची. पायलॉस इथल्या राजवाड्यात सापडलेल्या, इ.स.पू. 1200 च्या आसपासच्या पाट्यांवर ‘ति-रि-से-रो-ए’ असा शब्द आहे. बहुतेक अभ्यासक तो ‘तिहेरी हेरोस’ असा वाचतात. एका पाटीवर या तिहेरी हेरोसला गुलाबाचं सुवासिक तेल दिल्याची नोंद आहे. म्हणजे या शब्दाची आपल्याला दिसणारी सगळ्यात जुनी नोंदही देण्याच्या यादीतच आहे.

पेच असा की त्या काळच्या ग्रीकमध्ये ‘व’चा उच्चार शाबूत होता आणि लिपीत तो लिहिलाही जाई. ‘सर्वारे’शी नातं असतं तर त्या पाटीवर कुठेतरी ‘व’ दिसायला हवा होता. तो नाही. त्यामुळे हे नातं आता फार कमी जण मानतात. ग्रीक लोक त्या भूमीवर येण्याआधी तिथे जी भाषा होती तिच्यातून हा शब्द उचलला गेला असावा, याकडे आज अनेकांचा कल आहे.

‘वीर’ आणि ‘हिरो’ एकच ना?

हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच, आणि हे दोन शब्द भाऊभाऊ आहेत असं सांगणारे संदेशही फिरत असतात. कानाला ते जवळचे वाटतात हे खरं. पण पाटीवरचा तो हरवलेला ‘व’ इथेही आडवा येतो. वीर हा शब्द ‘व’नेच सुरू होतो आणि त्याचे खरे भाऊबंद दुसरीकडे आहेत. लॅटिनमध्ये पुरुषाला ‘विर’ म्हणत, त्यावरून इंग्रजीत सद्‌गुणासाठी ‘व्हर्च्यू’ आला. जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे पुरुष, तो आजही ‘वेअरवुल्फ’ या लांडगा होणाऱ्या माणसाच्या नावात टिकून आहे. वीर शब्दाचं मूळ असं धडधाकट जिवंत पुरुषात आहे, तर हेरोसचं थडग्यात. अर्थ जवळ आले म्हणून रक्ताचं नातं ठरत नाही.

‘नायक’ हा तिसराच. ‘नी’ म्हणजे नेणे, जो पुढे नेतो तो नायक. नाट्यशास्त्राने त्याचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार केले. चौघांच्याही नावात ‘धीर’ आहे, हे मला फार सुंदर वाटतं. कथेचा मुख्य माणूस हा अर्थ नायकाला नाट्यविचारात पहिल्यापासून होता. हिरोला तो बऱ्याच उशिरा आणि आडवाटेने मिळाला.

थडग्यातला माणूस गोष्टीत कसा शिरला?

होमरमुळे. ‘इलियड’च्या चौथ्याच ओळीत हा शब्द येतो आणि तिथे तो लढून मेलेल्या योद्ध्यांसाठी आहे. पण होमर तो सढळ हाताने वापरतो. ‘ओडिसी’त राजाच्या दरबारात गाणारा आंधळा गायक डेमोडोकस यालाही हेरोस म्हटलं आहे, एका दूतालाही म्हटलं आहे. तिथे तो मानाच्या संबोधनासारखा येतो. त्याच सुमाराचा कवी हेसिऑड मात्र हेरोस म्हणजे एक अख्खी पिढी मानतो. सोनं, रुपं, कांसं अशा पिढ्या झाल्या, मग थीब्ज आणि ट्रॉयच्या युद्धांत लढलेल्या हेरोसांची पिढी झाली, आणि त्यानंतर आपली लोखंडाची.

पुढे ज्या वृत्तात ही काव्यं होती त्या वृत्तालाच हेरोसांचं वृत्त म्हणू लागले. मग तशा काव्याला तेच नाव पडलं. मग त्या काव्यातल्या मुख्य माणसाला. थीसियसपासून अकिलीसपर्यंतची थडगी विसरली गेली आणि पानांवरचा माणूस उरला. इंग्रजीत हा अर्थ 17 व्या शतकाच्या शेवटी पक्का झालेला दिसतो. कवी जॉन ड्रायडन याने 1697 साली मिल्टनच्या महाकाव्याबद्दल तक्रार केली की त्यात ॲडमऐवजी सैतानच हिरो होऊन बसला आहे. सैतानाला हिरो म्हणता येतं, म्हणजे शब्दाचा अर्थ आता ‘मुख्य पात्र’ एवढाच. पुढे नाटक, कादंबरी, सिनेमा या वाटेने तो आपल्यापर्यंत आला. आपल्याकडे तो पडद्यावरून घराघरांत उतरला, म्हणून आपल्या कानाला आधी नटच ऐकू येतो.

जाता जाता एक. नशेचं हेरॉइन आणि सिनेमातली हिरॉईन यांचा काही संबंध आहे का, असं मला बऱ्याचदा विचारतात. आहे. 1898 साली बायर या जर्मन कंपनीने हे द्रव्य खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं आणि त्याला हेरॉइन हे नाव दिलं. जर्मनमधल्या ‘हिरोसारखा’ या अर्थाच्या शब्दावरून ते घेतलं, असं सांगितलं जातं. जालीम, प्रचंड ताकदीचं, हा त्यातला भाव. म्हणजे क्लिओमिडीझच्या हिरोपणातला धोका या नावात बरोबर उतरला.

जिवंत माणूस हिरो कधी झाला?

हळूहळू. ब्रासिडास नावाचा स्पार्टाचा सेनापती इ.स.पू. 422 मध्ये अँफिपोलिस शहर राखताना मेला. लोकांनी त्याला शहराच्या आत पुरलं, थडग्याभोवती कुंपण घातलं, हेरोस म्हणून वार्षिक बळी आणि खेळ सुरू केले. आणि शहर ज्याने वसवलं होतं त्या अथेन्सच्या माणसाच्या खुणा पाडून टाकल्या. म्हणजे परवापर्यंत हाडामांसाचा असलेला सेनापतीही आता हेरोस होऊ शकत होता. रोममध्ये इ.स.पू. 44 साली सीझरच्या खुनानंतर वक्ता आणि राजकारणी सिसेरो मित्राला लिहिलेल्या पत्रात मारेकऱ्यांना ‘आपले हेरोस’ म्हणतो. ते तेव्हा जिवंत होते. इकडे ग्रीक भागात मात्र शब्द उलट दिशेने झिजला. पुढच्या शतकांत अगदी साध्या माणसांच्या थडग्यांवरही हेरोस कोरू लागले, जवळजवळ ‘कैलासवासी’ या अर्थाने.

ख्रिस्ती झालेल्या रोममध्ये संत ऑगस्टीनला धर्मासाठी मेलेल्यांना ‘आमचे हेरोस’ म्हणावंसं वाटलं, पण चर्चच्या भाषेची रीत तशी नाही म्हणून तो थांबला. त्याने ते लिहून ठेवलं आहे. ताकदीच्या शब्दात चांगुलपणा शिरू पाहतो आहे, तो क्षण तिथे दिसतो. 1840 मध्ये थॉमस कार्लाइलने लंडनमध्ये हिरोंवर व्याख्यानं दिली, तोवर कवी, धर्मगुरू, लेखक, राजा असे सगळेच हिरो झाले होते.

20 व्या शतकात हिरो ही पदवी झाली. सोव्हिएत संघाने 1934 साली ‘सोव्हिएत संघाचा हिरो’ हा किताब सुरू केला आणि पहिल्यांदा तो आर्क्टिकच्या बर्फात अडकलेल्या लोकांना सोडवणाऱ्या 7 वैमानिकांना दिला. त्याआधी, 25 जानेवारी 1904 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हारविक इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन 179 जण मेले. त्यांना वाचवायला खाली उतरलेले टेलर आणि लाइल हे दोघेही गेले. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने त्या दोघांच्या कुटुंबांसाठी पदकं घडवून घेतली आणि त्याच वर्षी 50 लाख डॉलर्सचा हिरो निधी उभारला. त्या निधीची व्याख्या अतिशय नेमकी आहे: दुसऱ्याचा जीव वाचवताना ज्याने जाणूनबुजून स्वतःचा जीव असाधारण धोक्यात घातला असा सामान्य नागरिक. जीव वाचवणं हेच ज्याचं काम आहे तो त्यात सहसा बसत नाही, त्याने कर्तव्याच्या स्पष्टपणे पलीकडे जाऊन काही केलं असेल तरच बसतो. आणि पदकाबरोबर पैसे असतात. जखमींसाठी आणि मेलेल्यांच्या मागे राहिलेल्यांसाठी. खात्याची दुसरी बाजू इथे परत लिहिली गेली.

शब्दांचे अर्थ बदलतातच, मग मूळ उकरून काय मिळणार?

हा आक्षेप रास्त आहे. मूळ अर्थच खरा आणि आजचा खोटा, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर आपल्याला भाषाच बोलता येणार नाही. आगीत शिरलेल्या माणसाला हिरो म्हणणं चूक नाही. क्लिओमिडीझला जे मिळालं ते त्याला मिळायला नको होतं, आणि शब्दात चांगुलपणा आला हे फार बरं झालं.

पण बदलताना काय आलं तसं काय गेलं, हेही पाहावं. पूर्वी हेरोस म्हटलं की म्हणणाऱ्याच्या अंगावर काम पडे: तेल आणा, बैल आणा, थडगं झाडा, दरवर्षी. आज हिरो म्हटलं की म्हणणारा मोकळा होतो. सगळं काम हिरोच्या अंगावर. शिवाय हिरोने थकायचं नसतं, घाबरायचं नसतं, मागायचं तर मुळीच नसतं. टाळ्या ऐकून नर्सेस वैतागल्या त्या यामुळे, असं मला वाटतं. त्यांच्या खात्यावर जमा बाजू टाळ्यांनी भरली होती आणि नावे बाजू कोरी होती.

मग कोणाला हिरो म्हणूच नये का?

म्हणावं. इ.स.पू. 479 मध्ये प्लॅटियाच्या मैदानावर ग्रीकांनी इराणी सैन्याला हरवलं आणि मेलेल्यांना तिथेच पुरलं. त्यांचं देणं प्लॅटियाच्या लोकांनी अंगावर घेतलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने ते वर्णन केलं आहे. पहाटे कर्णा वाजे. मागून फुलांच्या माळांनी भरलेल्या गाड्या, एक काळा बैल, आणि दूध, मद्य, तेलाच्या कुप्या घेतलेले तरुण निघत. त्यात गुलाम चालत नसे, कारण ती माणसं स्वातंत्र्यासाठी मेली होती. शहराच्या प्रमुखाला एरवी लोखंडाला हात लावायची मनाई आणि पांढऱ्याशिवाय दुसरे कपडे नाहीत. त्या दिवशी मात्र तो जांभळा अंगरखा घाली, हातात तलवार घेई, दफ्तरखान्यातला पाण्याचा घडा उचले आणि शहरातून चालत थडग्यांपाशी जाई. झऱ्याचं पाणी भरून तो थडग्यांचे दगड स्वतःच्या हातांनी धुई, त्यांना सुगंधी तेल लावी, बैल कापी आणि मेलेल्यांना जेवायला हाक मारी. मग मद्याचं पात्र भरून त्यांच्या नावाने पिई.

प्लुटार्क लिहितो, हे आमच्या काळापर्यंत चालू आहे. लढाई होऊन तेव्हा साडेपाचशेहून जास्त वर्षं झाली होती.